क्लबच्या एअर रायफली भरायला छोटा कंप्रेसर घ्यावा की ३०० बारची टाकी?

इचलकरंजीकर_१०मी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. आम्ही पाच-सहा पालकांनी मिळून एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये १० मीटरची रेंज केलीय. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळाल्यापासून पोरांची रीघ लागलीय (त्याची इव्हेंट ५० मीटरची होती हे माहितीय, पण पोरांना ते कुठं कळतंय, कोल्हापूरचा आहे म्हटलं की झालं). सध्या चार पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफली आणि दोन पिस्तुलं आहेत, सगळी मॅचची, सिलेंडर २०० बारचे (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप).

अडचण हवेची आहे. सिलेंडर काढायचे, बॅगेत घालायचे, कोल्हापूरला ओळखीच्या रेंजवर नेऊन भरून आणायचे, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, आणि आठवड्यातून दोन-तीनदा. हे आता कोणालाच जमेना. तर एक गट म्हणतोय ऑनलाइन मिळतात तसला छोटा १२ व्होल्टवाला कंप्रेसर घ्या, गाडीच्या बॅटरीवर पण चालतो, स्पर्धेला पण नेता येतो, कोणाच्या दारात जायला नको. दुसरा गट म्हणतोय फायर ब्रिगेडवाले पाठीवर लावतात तसली ३०० बारची टाकी घ्या, महिन्यातून काही वेळा भरून आणा, मशीन बिघडायचा प्रश्नच नाही. बजेट सगळ्यांचं मिळून ५० हजार, ताणलं तर थोडं वर. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा, व्हिडिओ बघून आम्ही पण शहाणे झालोय.

राधानगरी_रॅट

भावा दोन्ही नको, हँडपंप घे. तीन स्टेजचा. पोरांचे हात पण तयार होतील 😄

बारचा_हिशोब

पंपाची थट्टा नको, एकट्या माणसाला पंप खरंच पुरतो, १०० बारवरून २०० ला न्यायला शंभरेक स्ट्रोक लागतात आणि शेवटचे वीस-पंचवीस जीव काढतात एवढंच. पण सहा गन आणि डझनभर पोरं असतील तर पंप विसरा.

इचलकरंजीकर, आधी आपल्याला हवा लागते किती ते बघा, मग मशीन. रायफलचा सिलेंडर आतून साधारण ०.२ लिटर धरा (पिस्तुलाचा त्याहून लहान). तो तुम्ही १०० बारला आला की भरता. म्हणजे ०.२ गुणिले १०० बार, २० लिटर साधी हवा. बस. मॅचच्या रायफलला एवढ्यात दोनशेच्या आसपास शॉट मिळतात, मॅच ६० शॉटची, वर सायटिंगचे (सुरुवातीला नेम जुळवायचे), म्हणजे एका भरण्यात मॅच आरामात निघते. तुमची गरज खूप कमी आहे हे आधी डोक्यात घ्या, कारण हे छोटे कंप्रेसर आणि मोठ्या टाक्या विकणाऱ्यांच्या जाहिराती सगळ्या जास्त ताकदीच्या आणि मोठ्या सिलेंडरच्या गन डोळ्यासमोर ठेवून असतात.

आता टाकी. बीए सेटची (फायर ब्रिगेडवाले श्वासासाठी पाठीवर लावतात ती) कार्बनची टाकी साधारण ६.८ लिटरची, ३०० बार. तुम्हाला २०० बारपर्यंत भरायचंय, म्हणजे टाकी ३०० वरून २०० ला येईपर्यंतचीच हवा पूर्ण कामाची. ६.८ गुणिले १०० म्हणजे ६८० लिटर, भागिले २०, म्हणजे ३४ वेळा भरता येईल असं कागदावर दिसतं. खरं तेवढं निघत नाही, कारण ३०० बारला हवा नियमाप्रमाणे दबत नाही, आत दहाएक टक्के कमी बसते. २८ च्या आसपास धरा. आठवड्याला १५ ते २० भरणी होत असतील तर एक टाकी दीडेक आठवडा जाईल.

टाकी २०० च्या खाली आली म्हणजे संपली असं पण नाही. मॅच रायफलला आत रेग्युलेटर (दाब एकसारखा ठेवणारा भाग) असतो, सत्तर-ऐंशी बारपर्यंत वेग तोच राहतो, १७० ला भरली तरी चालते, शॉट कमी मिळतील एवढंच. प्रॅक्टिसला काय फरक पडतो?

आणि दोन टाक्या घेतल्या तर मजा आहे. आधी कमी प्रेशरच्या टाकीवरून सिलेंडर जेवढा चढेल तेवढा चढवायचा, मग वरचं उरलेलं भरलेल्या टाकीवरून. असं केलं की दोन टाक्यांत दुप्पट नाही तर त्याहून बरीच जास्त भरणी निघतात, कारण भरलेल्या टाकीवर फक्त शेवटच्या २०-३० बारचा बोजा पडतो.

मालवणी_डुबकी

मी स्कूबाच्या धंद्यात आहे, मालवणला. एअरगनवाले अधूनमधून येतात आमच्याकडे. पहिली गोष्ट, स्कूबाची टाकी आणि बीएची टाकी एक नव्हे. आमची ॲल्युमिनियमची ११ लिटरची टाकी २०० बारलाच भरते. ती घेऊन गेलात तर पहिली रायफल १९८ ला भरेल, दहाव्यांदा १८३ च्या आसपास, विसाव्यांदा १७०. वरच्या साहेबांनी म्हटलं तसं प्रॅक्टिसला चालेल, पण मग पोरगं म्हणणार काका माझ्या गेजमध्ये २०० का नाय. ३०० चा कंप्रेसर सगळ्या डाइव्हवाल्यांकडे नसतो, आधी फोन करून विचारा मगच गाडी काढा.

दुसरी गोष्ट, आमची हवा कोरडी असते. माणसाच्या फुप्फुसात जाणारी हवा म्हणून फिल्टरमधून पाणी, तेल काढून टाकलेलं असतं, फिल्टरची काडतुसं वेळेवर बदलतो. त्या छोट्या मशीनचं पाणी जातं कुठं ते विकणाऱ्याला विचारा एकदा.

टाकी जुनी घेणार असाल तर गळ्यावरचा हायड्रोटेस्टचा (पाण्याच्या दाबानं केलेल्या तपासणीचा) शिक्का बघा. तारीख गेलेली टाकी आम्ही भरत नाय, कितीही ओळख असली तरी. कार्बनच्या टाकीला एकूण आयुष्य पण असतं, बहुतेकांवर १५ वर्षं लिहिलेलं असतं, नंतर ती टाकी शोभेची.

नाशिकचा_नेम

मी कंप्रेसरवाला. घरी एक पोरगी आणि मी, दोघांच्या दोन गन, आणि मला तो छोटा कंप्रेसर घेऊन बरं झालं. १०० वरून २०० ला दोन-चार मिनिटांत जातो. सकाळी सरावाच्या आधी लावला की झालं, नाशिकमध्ये ३०० बारचं फिलिंग शोधत फिरायची गरज नाही.

पण वापरायच्या काही गोष्टी आहेत त्या जाहिरातीत कोणी सांगत नाही. १२ व्होल्टवर चालवायचा तर तो ३०० वॅटच्या आसपास खेचतो, म्हणजे २५ अँपियर, गाडीच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज त्यात उडणारच, डायरेक्ट बॅटरीला क्लिपा लावायच्या आणि इंजिन चालू ठेवायचं. घरी वेगळा अडॅप्टर. एक सिलेंडर झाला की मशीनला थंड होऊ द्या, लगेच दुसरा लावू नका, मशीनचं डोकं इतकं तापतं की हात लावता येत नाही, आणि आतली पिस्टनची रिंग आणि ओ-रिंग तापानंच जातात. हे सामान जाणारच आहे, ते घेताना सोबतच मागवून ठेवा. प्रत्येक भरण्यानंतर ब्लीड (अडकलेली हवा सोडायचा छोटा व्हॉल्व) उघडून पाणी काढायचं. मी लाइनमध्ये एक वेगळा फिल्टर लावलाय, आत मॉलिक्युलर सीव्ह (ओल शोषणारे दाणे) आणि कापूस.

आणि गरम हवेचं एक, मशीन २०० दाखवून बंद होतं, दहा मिनिटांनी गेज १९० वर आलेलं दिसतं. लीक नाही, फक्त थंड झालंय. नवीन माणूस लगेच गन खोलायला जातो.

बारचा_हिशोब

नाशिककरांनी पाण्याचा विषय काढला ते बरं झालं, कारण माझ्या मते सगळा निर्णय तिथंच आहे. नाशिकला डिसेंबरात आणि कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये एकच मशीन वेगळं वागतं. पावसाळ्यात एक घनमीटर हवेत २५ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. एका भरण्याला २० लिटर हवा, म्हणजे अर्धा ग्रॅम पाणी. २०० पट दाबली की त्यातलं जवळजवळ सगळं वाफेचं पाणी होतं. मशीनच्या सेपरेटरनं काही काढलं, बाकीचं पुढं निघालं. इचलकरंजीकरांच्या हिशोबानं आठवड्याला वीस भरणी, म्हणजे दहा ग्रॅम पाणी त्या शेडमधल्या ओल्या हवेतून खेचलं जाणार. फिल्टर नसेल तर ते सिलेंडरमध्ये आणि रेग्युलेटरमध्ये जाणार. ॲल्युमिनियमला पांढरी पावडर सुटते, ती रेग्युलेटरच्या सीटवर बसली की वेग हलायला लागतो, आणि पोरगं बिचारं शॉट ९.८ का आला म्हणून स्वतःचं ट्रिगर तपासत बसतं.

फिल्टरमधला सिलिका जेल निळ्याचा गुलाबी झाला की बदलायचा, हे क्लबमध्ये कोण बघणार? घरी एक माणूस बघतो. क्लबमध्ये सगळ्यांचं ते कोणाचंच नाही.

इचलकरंजीकर_१०मी

बापरे, एवढं पाणी. आमच्या शेडचा पत्रा पावसाळ्यात गळतो ते वेगळंच.

दोन शंका. एक, छोटा कंप्रेसर घेऊन त्यानंच टाकी भरून ठेवली तर? म्हणजे रात्री लावून ठेवायचा, सकाळी टाकी तयार. दुसरी, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडं नायट्रोजनचे मोठे सिलेंडर असतात, तो म्हणतोय नायट्रोजन तर एकदम कोरडा, इथूनच भरा की.

नाशिकचा_नेम

रात्री लावून झोपणार? नको हो दादा. मिनिटाला दहाएक लिटर हवा देणारं मशीन ६८० लिटर द्यायला सलग सव्वा तास चालेल, आणि ते सलग चालायला बनलेलंच नाही. दर भरण्याला विश्रांती धरली तर दिवस जाईल आणि मशीन पण जाईल. टाकी भरायची तर पाण्यानं थंड होणारं, २२० व्होल्टचं मोठं मशीन हवं, बादलीत पंप सोडतात ते. ते पण टाकी भरताना कोणीतरी शेजारी बसून पाहिजे, ठरवलेल्या प्रेशरला बंद होणारं असलं तरी.

मालवणी_डुबकी

नायट्रोजनचा प्रश्न दर वर्षी येतो. गनला नायट्रोजन चालतो, आत काही बिघडत नाही, पण गन बनवणारे हवाच भरा म्हणून लिहितात. आणि वेल्डिंगवाल्याचा सिलेंडर असतो दीडशे बारचा, म्हणजे तुमची गन दीडशेच्या वर जाणारच नाय. वर त्याच्या व्हॉल्वचे आटे वेगळे, मग लोकं जुगाड अडॅप्टर बनवतात लेथवर, आणि दीडशे बारला जुगाड म्हणजे काय ते मी बघितलंय, इथं लिहीत नाय.

आणि शेजारी ऑक्सिजनचा सिलेंडर उभा असतो, हे विसरू नका. ऑक्सिजन कधीच नाय. गनमध्ये ग्रीसचा एक ठिपका असला तरी ऑक्सिजन प्रेशरखाली आला की पेट घेतो, माणसं गेलीयत जगभर असं करून. वेल्डिंगच्या दुकानात मुलांना सिलेंडर घेऊन पाठवूच नका. साधं तेल, साधं ग्रीस गनच्या हवेच्या भागाला कधी लावू नका, फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल एवढंच.

संत्रानगरी_रूल्स

कायद्याचा भाग कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. गॅस सिलेंडर रूल्स २०१६ आहेत, ते बघणारं पेसोचं (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्था) मुख्य ऑफिस आमच्या नागपुरातच आहे. त्या नियमांत सिलेंडर म्हणजे ५०० मिलीलिटरपेक्षा जास्त आणि १००० लिटरपर्यंतचा. तुमच्या रायफलचा ०.२ लिटरचा त्यात येत नाही. पण ६.८ लिटरची टाकी पूर्णपणे येते. म्हणजे टाकी पेसोची मान्यता असलेली हवी, नुसतं परदेशी स्टिकर बघून ऑनलाइन मागवलेली कार्बनची टाकी इथं कोणी भरून देणार नाही, आणि नाही देत हेच बरोबर आहे. इथं ज्या कंपन्या बीए सेट विकतात त्यांच्याकडून मान्यतेच्या कागदासकट घ्या, त्याच कंपन्यांचे रिफिलवाले बहुतेक एमआयडीसीच्या भागात असतात कारण कारखान्यांना बीए सेट ठेवावे लागतात. तुमच्याकडं तर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल सगळं जवळ आहे, तिथं फायर सेफ्टीवाल्यांना फोन करा आणि सरळ विचारा की ३०० बार भरता का, एअरगनसाठी म्हटलं तर चालेल का.

गनचं तर माहिती असेलच, .१७७ आणि २० जूलच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही. मॅचच्या गन तर साडेसात जूलच्या आसपासच असतात. आणि कोणी ह्या धाग्यात डुक्कर मारायला कोणती टाकी घ्यावी विचारायच्या आधीच सांगतो, शिकार बंद आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं.

नेकरकाठचा_पाटील

जर्मनीतून लिहितोय, स्टुटगार्टजवळ. माझ्या पोरानं इथल्या गावातल्या शूटिंग क्लबात एअर रायफल सुरू केली. गंमत म्हणजे फाइनवेर्कबाऊचा कारखाना ओबर्नडोर्फला, वाल्थर आणि आनशुत्झ उल्मला, सगळं शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत, आणि आमच्या क्लबात कंप्रेसर नाहीये! भिंतीला साखळीनं बांधलेली एक मोठी ३०० बारची बाटली आहे. रिकामी झाली की एक आजोबा गाडीत घालून भरून आणतात. शेजारी वही, कोणी भरला, कधी भरला, बाटलीत किती उरलं. पोरांना एकट्यानं भरू देत नाहीत. सिलेंडरवर दहा वर्षांची तारीख असते ती संपली की आजोबा तो हातातून काढूनच घेतात, स्पर्धेत पण तारीख गेलेला सिलेंडर चालत नाही आणि जबाबदारी खेळाडूची असते.

मला सुरुवातीला वाटलं एवढी श्रीमंत मंडळी, मशीन का नाही घेत. आजोबा म्हणाले मशीनला सांभाळायला माणूस लागतो, बाटलीला फक्त ने-आण करायला.

बारचा_हिशोब

आजोबांना माझा नमस्कार सांगा 🙏

राधानगरी_रॅट

पण स्पर्धेला? पुण्याला बालेवाडीला गेलो तर टाकी घेऊन जाणार काय एसटीतनं?

संत्रानगरी_रूल्स

एसटीत भरलेली टाकी नेऊच नये. स्पर्धेच्या ठिकाणी बहुतेक वेळा आयोजकच हवा भरून देतात, आधी विचारून घ्यावं. आणि एक भरलेला सिलेंडर मॅचला पुरतो हे वर लिहिलंच आहे, जोडीला एक स्पेअर ठेवा म्हणजे झालं. विमानानं जाणार असाल तर सिलेंडर रिकामा करूनच, एअरलाइनला आधी कळवून.

नाशिकचा_नेम

मी माझा कंप्रेसर विकत नाहीये बरं का, हे वाचून पण 😄 एका घराला तो बरोबरच आहे. पण इचलकरंजीकर, तुमच्या जागी असतो तर मी टाकीच घेतली असती, बजेट उरलं तर पुढच्या वर्षी दुसरी, आणि एक हँडपंप कपाटात. पंप अशासाठी की रविवारी टाकी संपली, सोमवारी सकाळी निवड चाचणी आहे, फिलिंगवाला बंद. तेव्हा राधानगरीवाल्यांना बोलवा स्ट्रोक मारायला.

राधानगरी_रॅट

मिसळ दिली तर येतो

इचलकरंजीकर_१०मी

सगळ्यांचे लय आभार. आज दुपारी शिरोलीला एका फायर सेफ्टीवाल्याकडं जाऊन आलो. ३०० बार भरतो म्हणाला, एअरगनला पण चालेल, टेस्टची तारीख आणि कागद दाखवा एवढीच अट. त्याच्याकडं एक ६.८ लिटरची टाकी विकायला पण आहे, नवी, मान्यतेचा शिक्का दिसतोय. कंप्रेसरवाला गट आमच्यात नाराज आहे, त्यांचं म्हणणं दर आठवड्याला जाणार कोण. वाटून घेतोय, प्रत्येक पालकाला एक पाळी, तसंही कोणीतरी एमआयडीसीत कामाला आहेच. दुसरी टाकी दिवाळीनंतर.

एकच विचारायचं राहिलं, त्या टाकीवर भरायचा जो सेट लावायचा, गेज आणि ब्लीडवाला, तो साधा मिळतो तो घेतला तर चालेल ना? दुकानदार म्हणतोय सगळे सारखेच.

मालवणी_डुबकी

सारखे नाय. ३०० बारचा डिन कनेक्टर (टाकीच्या व्हॉल्वमध्ये आटे फिरवून बसतो तो) घ्या, त्याला सात आटे असतात, २०० बारवाल्याला पाच. सातवाला सेट ३०० च्या टाकीला आणि २०० च्या टाकीला दोन्हीला बसतो, पाचवाला ३०० च्या टाकीत पूर्ण बसत नाय, मुद्दामच तसा बनवलाय. स्कूबाची सी-क्लॅम्पसारखी पकड लावणारी फिटिंग घेऊच नका, ती ३०० साठी नसते. गेज ३०० च्या वर वाचणारं पाहिजे, म्हणजे काटा टोकाला टेकत नाय. ब्लीड स्क्रू असलेलाच घ्या, भरून झालं की आधी टाकीचा व्हॉल्व बंद, मग ब्लीड, मग सिलेंडर काढायचा, हा क्रम कागदावर लिहून टाकीला चिकटवा. आणि रायफलच्या बाजूचा अडॅप्टर कंपनीप्रमाणं वेगळा असतो, पिस्तुलाचा पण बघून घ्या, नाहीतर टाकी येऊन पडेल आणि दोन पिस्तुलं कोल्हापूरलाच जात राहतील.

व्हॉल्व हळू उघडा. एकदम नाय. सूं असा बारीक आवाज आला पाहिजे, फुस्स नाय.

इचलकरंजीकर_१०मी

सात आटे. लिहून घेतलं. उद्या मोजूनच घेतो.